खाऱ्या पाण्याचा नाताळ

आमच्या घरात नाताळचा तारा विकत आणणं म्हणजे पाप होतं. वडील टँकरविरोधी पत्रकं गावोगाव वाटायचे. उरलेली गुलाबी-हिरवी पत्रकं माळ्यावर साठायची आणि डिसेंबर लागला की त्यांचाच तारा व्हायचा. बांबूच्या कामट्या मी तासायचे, मैद्याची खळ आई शिजवायची आणि वडील कागद चिकटवायचे, छापलेली बाजू आत ठेवून. "बाहेरून कोरा दिसला पाहिजे. सण आहे, सभा नाही," ते म्हणायचे. मला हे कधीच पटलं नाही. मी वाचायला शिकले ते त्याच पत्रकांवर. लपवायचं होतं तर छापलं कशाला?

नव्वदच्या दशकात थेट शेजारच्या बोळिंज गावापर्यंत इमारती उठत होत्या आणि त्यांची तहान आमच्या विहिरी भागवत होत्या. पाणी विकणाऱ्यांत माझे सख्खे मोठे काका होते. अंगणापलीकडे त्यांचं घर. आजोबांनी खणलेली मोठी विहीर वाटणीत त्यांच्या बाजूला गेली. पाणी मात्र दोघा भावांचं, असं चारचौघांत ठरलं होतं. काकांनी तिच्यात दांडगा पंप टाकला, दिवसभर टँकर भरू लागले आणि आमची धाकटी विहीर खारट झाली. गोडं पाणी उपसलं की खाडी आत सरकते, हे मी पत्रकात वाचलं होतं. आता ते घोटाघोटाला कळत होतं.

त्या वर्षी ख्रिस्तजन्माच्या गोठ्यासाठी मी नेहमीसारखा करवंट्यांत भात पेरला. दरवर्षी नाताळपर्यंत त्याची हिरवीगार पाती उभी राहायची आणि गोठ्याभोवती शेत व्हायचं. त्या वर्षी पाती पिवळी पडली आणि माना टाकून मेली. आईने खाऱ्या पाण्यात वाल शिजत घातले. दुपार उलटली तरी दाणे खड्यासारखे. शेवटी स्वयंपाकापुरतं पाणी काकांकडून आणायची वेळ आली. जी विहीर आमचीही होती, तिच्या पाण्यासाठी आई कळशी घेऊन त्यांच्या मागच्या दाराशी उभी राहायची. कधी कधी तिला थांबवून ठेवायचे, आधी टँकर भरायचा म्हणून.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी वडिलांनी तारा ओट्यावर टांगला. आतला मंद बल्ब गेला होता, म्हणून त्यांनी साठ वॅटचा लावला. बटण दाबलं आणि कागदाआडची अक्षरं लख्ख उमटली. ताऱ्याच्या प्रत्येक टोकावर, उलट्या अक्षरांत: टँकर बंद करा.

काका अंगण ओलांडून आले.

"सणाच्या दिवशी माझी अब्रू टांगलीस होय रे?"

"दादा, अक्षरं उलटी आहेत. कोण वाचतंय?"

"मी वाचतो! लहानपनापासून तुझं सगळं उलटंच वाचत आलोय. उतरव ते. नायतर उद्यापासून माझ्या पंपाचं पानी तुझ्या घरात येनार नाय."

माझा पंप. माझं पाणी. आणि भर सभेत बिल्डरांना सुनावणारे माझे वडील मुकाट्याने स्टूल ओढायला गेले. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

"कळशीभर पाण्यासाठी?" मी ओरडले. "मग पत्रकं कशाला वाटता?"

"तू गप्प बस," वडील म्हणाले. "उद्या मैद्याचे गोड फुगे तळायचेत, मटण शिजवायचंय. तुझ्या आईचा सण आहे."

आई दारात आली. "माझं नाव पुढे करू नका. स्टूल आत ठेवा. मी उद्या उकडहंडी लावते. तिला पाणी लागत नाही."

उकडहंडी ती वाडवळ समाजातल्या शेजारणीकडून शिकली होती. थंडीतला पदार्थ. मडक्यात तळाला केळीचं पान, वर कोनफळ, रताळी, वालाच्या कोवळ्या शेंगा, ओलं खोबरं, पातीचा लसूण. तोंड बंद करून मंद विस्तवावर ठेवायचं. भाज्या आपल्याच वाफेवर शिजतात. धुवायला खारं पाणीही चालतं.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये काका पहिल्या बाकावर बसून शांतीचं गाणं खड्या आवाजात म्हणत होते. आमच्या घरात ना फुगे होते ना मटण. शेजारी ताटं गेली ती उकडहंडीची, आणि आईने ती मान वर करून पाठवली.

दुपारी काकांची बायको, माझी काकू, मागच्या दाराने आली. पदराखाली कळशी.

"घे गं, यांना कळलं नाही."

"जाऊबाई, माझ्याच विहिरीचं पाणी चोरून नको. भावजींना सांगा, पुढच्या दाराने पाठवा."

आईने काकूच्या हातातून कळशी काढून पायरीवर ठेवली आणि तिला ताट वाढलं. काकू पायरीवर बसून खाऊ लागली.

"मीठ कसं नेमकं पडलंय गं," ती म्हणाली.

"मी घातलंच नाही. भावजींनी घातलंय."

तेवढ्यात रस्त्यावर टँकरने हॉर्न दिला. काका जेवून झोपले होते. काकूने ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि ती फाटक उघडायला गेली.