पुढचा झेंडीवाला

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, आधीच सांगतो. मी लहान असतानाच घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला अन् आमच्या घरातला देव्हारा निघाला. भुताखेतांचं कुणी काढलं की वडील म्हणायचे, "रिकामटेकड्यांचे धंदे!" तरी लिहितोय... बायको हसते, हसू दे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. रॉकेटचं मोठं लोखंडी नळकांडं मुंबईहून ट्रेलरवर पूर्व किनाऱ्याकडं चाललं होतं. आतला जळणारा मसाला तिकडं भरायचा. पण वाटेत धक्का बसून गोलाई जराशी बिघडली, की सगळं भंगार! मी त्या ताफ्यात रोजंदारीवर. खराब रस्ता लागला की लाल झेंडी घेऊन ट्रेलरच्या बऱ्याच पुढं चालायचं, खड्डे बघायचे. नियम एकच — पुढच्यानं झेंडी आडवी केली की आधी थांबायचं, कारण नंतर विचारायचं. मात्र उगीच थांबवलं तर ताफ्याचे साहेब घरी पाठवणार होते. अन् ती नोकरी मला हवी होती.

परतूर सोडून आष्टीकडं निघालो. उन्हाळ्याची दुपार. दुष्काळी कामावर लोकांनी खडी फोडून केलेला रस्ता, माणूस म्हणून दिसंना. मागं ट्रेलरची घरघर, तीही वाऱ्यानं तुटक. स्वतःशी बोलून बोलून कंटाळलो... बाभळीला जयभीम घालायची पाळी आल्ती!

मंग पुढं एक माणूस दिसला. माझ्यासारखाच चालत होता, खांद्यावर लाल झेंडी. वाटलं, साहेबांनी आणखी एक नेमला असंल. लई बरं वाटलं! मी पाय उचलला की तोही उचलायचा, अंतर काही कमी होईना. हाक मारली, वळला न्हाई. असू दे म्हटलं, सोबत तर आहे.

ओढ्याच्या उतारापाशी तो एकदम माझ्याकडं तोंड करून उभा राहिला. झेंडी आडवी. मी विचारच केला नाही — माझीही आडवी केली. ट्रेलरचे ब्रेक करकरले.

साहेब धावत आले. "कशाला थांबवलंस?"

"पुढच्यानं झेंडी दाखवली, साहेब."

"कोण पुढचा? उन्हानं डोकं फिरलं का? जा, घरी जा तू!"

तेवढ्यात आमचा ड्रायव्हर पाशाभाई ट्रेलरच्या मागून ओरडला, "साहेब, जल्दी या! साखळीची खीळच न्हाई!"

नळकांडं आवळलेल्या मागच्या साखळीची खीळ कुठंतरी गळून पडल्ती. उतारावर एक गचका... अन् ते थेट ओढ्यात गेलं असतं. साहेबांनी स्वतः वाकून साखळी चाचपली.

दुसरी खीळ ठोकून झाल्यावर पाशाभाईनं मला पाणी दिलं. "खरं सांग, कोण व्हता?"

"तुला न्हाई दिसला? एवढा सरळ रस्ता!"

"अरे बाबा, मी मघापासून बघून राह्यलो. बिलकुल कुणी न्हाई. सगळ्यात पुढचा तर तूच व्हतास."

 तरी झेंडी उचलली अन् पुढं निघालो.

कुणी म्हणतं ऊन लागलं होतं, कुणी आणखी काही. मला अजून उत्तर सापडलेलं नाही. नळकांडं धड पोचलं, साहेबांनी नोकरीवर ठेवलं, सगळं बराबर झालं. पण त्या दुपारी आष्टी येईपर्यंत मी चालता चालता रडत होतो... घाबरून नव्हे. तो पुन्हा दिसला नाही म्हणून.