बंदुकीत धोतर

सासऱ्यांची बंदूक साफ करताना मी तिच्यात त्यांचं धोतर अडकवलं, एवढी गोष्ट खरी आहे. बाकीचं सगळं लोकांनी घातलेली भर.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी साताऱ्याकडून येऊन चिंचवडला बिऱ्हाड केलं होतं आणि जवळच्याच एका लष्करी गोदामात कारकून होतो. माझ्या ताब्यात कांबळी, बूट आणि मच्छरदाण्या. त्या गोदामात मी पाहिलेली सर्वांत घातक वस्तू म्हणजे आमचे हेडक्लार्क! पण चाकणजवळच्या माझ्या सासुरवाडीत फक्त 'जावई लष्करात हाय' एवढंच पोचलं होतं. ते खोडून काढावं असं मला कधी वाटलं नाही. (लग्न नवं होतं.)

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. त्यांच्या भुईमुगात रानडुकरं शिरत, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून लष्कराच्या लिलावातली एक जुनी रायफल घेतली होती. ती माजघरात दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असे. शेंगा भरायच्या दिवसांत मी बायकोला, इंदूला, माहेराहून आणायला गेलो, तर चहाचा कप हातात यायच्या आधी मांडीवर बंदूक आली.

"पाव्हणं, तुमी लष्करातलं. जरा साफ करून, तपासून द्या," मामा म्हणाले. "आज रातीला डुकरांवर टपून बसायचंय."

इंदूनं माझ्याकडे अशा काही अभिमानानं पाहिलं, की 'मला कांबळी मोजता येतात' हे वाक्य मी चहाबरोबर गिळलं.

गोदामातल्या एका हवालदाराचं एकच वाक्य मला पाठ होतं: बंदूक कधीच रिकामी समजायची नाही. तेव्हा मी ओट्यावरूनच नळीचं तोंड कुंपणाकडे धरलं आणि भारदस्त आवाजात विचारलं, "मामा, भरलेली आहे का?"

"छ्या! रिकामी हाय."

मी बोल्टची मूठ उचलून मागं ओढली. टण्णकन एक काडतूस उडालं आणि सासूबाई शेंगा निवडत होत्या त्या सुपात जाऊन पडलं. त्यांनी ते उचलून निरखलं.

"अगं बाई, ही शेंग कंच्या जातीची?"

मामा शांतपणे म्हणाले, "हां. आत्ता ध्यानात आलं. मागं एकदा डुकरावर रोखली व्हती. डुक्कर पळालं. मंग ऱ्हायली तशीच."

म्हणजे ही भरलेली बंदूक इतके दिवस माजघरात लटकत होती, आणि मागच्या खेपेला दुपारी मी बरोब्बर तिच्याखाली घोरत पडलो होतो! पण घरात माझा भाव एकदम वधारला. "बगा! एका हिसक्यात काढली," मामा म्हणाले. इथंच मी थांबायला हवं होतं.

बोल्ट हिसडे देऊन पुरता बाहेर काढला आणि मागच्या भोकातून नळीत पाहिलं. आत काळाकुट्ट अंधार. मी मनात म्हटलं, बंदुकीची नळी आहे, तिच्यात अंधार असायचाच!

सासूबाईंनीही डोकावून पाहिलं. "पल्याडचं कायच दिसंना की! आमच्या फुंकणीतनं दिसतंय."

"मामी, ही फुंकणी नव्हे. ही रायफल आहे," मी प्रेमानं समजावलं.

मग जुनं धोतर मागितलं. इंदूनं वळणीवरचं ओढून दिलं आणि मी त्याची चिंधी टरकावली. ते जुनं नव्हतं, हे मामांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण जावयाला कोण बोलणार? चिंधी गोडेतेलात बुचकळून, बारीक सळईनं पुढून आत सारली. अर्ध्यावर जाऊन ती अडली. मी जोर लावला. मग बत्त्यानं सळई ठोकली. सळई बाहेर आली. चिंधी आली नाही!

"आत ऱ्हायली का?" मामांनी विचारलं.

"राहू द्यायची असते थोडा वेळ," मी म्हणालो. "तेल मुरतं."

पहिली चिंधी काढायला दुसरी घातली. तीही मुरली. तेवढ्यात आठवलं की नळीत उकळतं पाणी ओततात. सासूबाईंनी चहाचं आधण दिलं. मी ते ओतलं. पाणी काठोकाठ भरलं आणि तिथंच उभं राहिलं. बंदूक तुंबली!

इंदू माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "अहो, तुम्हाला येतंय ना हे?"

त्या रात्री मामा रानात रॉकेलचा डबा बडवत बसले.

सकाळी आम्ही बंदूक गोधडीत गुंडाळून एस.टी.नं पुण्याला निघालो. परवाना मामांच्या बंडीच्या खिशात. कंडक्टरनं गोधडीकडे बोट केलं. "काय हाय ह्यात?"

"बंदूक," मामा म्हणाले.

"भरलीया का?"

"व्हय."

कंडक्टर दोन पावलं मागं सरला. "कशानं?"

"धोतरानं."

त्यानं मुकाट्यानं तिकिटं फाडली. पुण्यापर्यंत आमच्या शेजारच्या बाकावर कोणी बसलं नाही.

छावणीच्या बाजारात बंदुका दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री होते. त्यांनी नळी शिकंज्यात धरली, पितळी गज घालून अलगद ठोकली. एक चिंधी निघाली. दुसरी निघाली. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच फडक्यावर मातीचं ढेकूळ पडलं. कडक, भाजल्यासारखं.

"कुंभारीण माशीचं घर," मिस्त्री म्हणाले. "नळी साफ बंद होती. काल बार काढला असता तर नळी फुटून तोंडावर आली असती, पाटील."

मामांनी ढेकूळ हातात घेतलं. मग हळूच स्वतःच्या गालावरून हात फिरवला. हा माणूस रात्री एकटा रानात बसणार होता.

परतीच्या गाडीत मामांनी बंदुकीवरची गोधडी नीट गुंडाळली. मग म्हणाले, "पाव्हणं, तुमाला नळीत बघताक्षणी कळलं व्हतं. म्हणून तुमी बोळा ठोकून बसवला. म्हाताऱ्यानं बार काढू नये म्हणून."

"नाही मामा, ते—"

"आसूं द्या. मोठी माणसं आपल्या तोंडानं सांगत न्हाईत."

मी दोनदा खरं सांगू लागलो. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या विनयाचं कौतुक केलं. तिसऱ्यांदा मी प्रयत्न केला नाही.

पुढच्या खेपेला सासुरवाडीला गेलो, तर ओट्यावर शेजारच्या गावचे दोन शेतकरी बसलेले. दोघांच्याही मांडीवर बंदुका.

"रामराम पाव्हणं," त्यातले एक उठून म्हणाले. "आमच्या बी बंदुकीत तेवढा एक बोळा बसवून द्या."

मी बाह्या सरसावल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला नेमकं जमणारं काम सांगत होतं!