चाळीसची पुली

१७ फेब्रुवारी, सोमवार. आजचं काम एकच: पुण्याहून आणलेलं टर्नटेबल मायच्या ओसरीत सपाट बसवायचं. स्पिरिट लेव्हल ठेवली तर बुडबुडा सरळ आतल्या भिंतीकडे पळाला. फरशी घालताना माझ्या धाकट्या भावाने, गजाननने, पाणी वाहून जावं म्हणून उतार दिला आहे. एक दिवस इथे रेकॉर्ड वाजवायची आहे, हे तेव्हा त्याला कोण सांगणार? माझ्या टर्नटेबलच्या तिन्ही पायांना आटे आहेत. पुढचा पाय फिरवत गेले. नवव्या फेऱ्याला बुडबुडा मधे येऊन बसला.

परवा गजाननच्या मुलीची, प्रांजलीची हळद. डीजे ठरला आहे. पण पहिलं गाणं बाबांच्या रेकॉर्डवर लागलं पाहिजे, असं मायने महिनाभर आधीच जाहीर केलं. ते लावायची जबाबदारी माझी, कारण रेकॉर्डची पेटी अकरा वर्षं माझ्याकडे आहे.

मी हे गाव सोडलं तेव्हा वीस वर्षांची होते. वाशीमच्या आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड केला होता आणि भोसरीतल्या एका कारखान्याचं पत्र हातात होतं. बाबा मला शेलूबाजारला बसवर बसवून द्यायला आले, पण रिकाम्या हाताने नाही. सोबत वांग्यांची एक टोपली आणि मेथीचं एक गाठोडं. बस लवकर आली नाही. बाबांनी रस्त्याच्या कडेला पोतं अंथरलं, तागडी काढली आणि विकायला बसले. बस आली तेव्हा त्यांच्या हातात तागडी होती, म्हणून डोक्यावर हात ठेवणं वगैरे काही झालं नाही. ते एवढंच म्हणाले, "जाय. माप झुकतं ठेवजो." आणि समोरच्या बाईच्या पारड्यात वरून दोन वांगी टाकली.

आमच्याकडे भाजी विकणारा माणूस काटा बरोबरीवर आला की थांबत नाही. पारडं गिऱ्हाइकाकडे झुकलं पाहिजे. किलोला किलो मोजून देणारा आमच्या लोकांत कंजूस ठरतो. मी हे बघतच मोठी झाले. कारखान्यात पहिल्याच आठवड्यात मी एक शाफ्ट जरा जाड ठेवला. लबाडी नव्हती. कमी नको पडायला, या सवयीने. सुपरवायझरने मायक्रोमीटर लावला आणि तो शाफ्ट भंगारात टाकला. म्हणाला, "मॅडम, इथे जास्त म्हणजेसुद्धा चूक." ते वाक्य मी नोकरीभर लक्षात ठेवलं. लेथवरून मोजमाप विभागात गेले, तिथली प्रमुख झाले. आता दिवसभर मी लोकांचं जास्त आणि कमी दोन्ही परत पाठवते.

भाषाही तशीच घासून मापात आणली. 'मले'चं 'मला' झालं, 'काहून'चं 'का'. गाणं मात्र मापात येईना. हॉस्टेलवर एकदा मुलींनी गायला लावलं. हळदीचं गाणं म्हटलं, सनईने सुरू होणारं, पाठ असलेलं. दोन ओळींत हसू फुटलं. "अगं, बस चुकतेय का तुझी? आणि इतकं वर कशाला?" त्यांना ते गाणं माहीत होतं. माझं म्हणणं घाईचं होतं आणि चढ्या पट्टीचंही. वऱ्हाडातली माणसं अशीच गात असतील, असं मी धरून चालले आणि गाणं बंद केलं. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. नोकरी होती, कामं होती.

बाबांचा जोडधंदा लाउडस्पीकरचा. एक भोंगा, एक ॲम्प्लिफायर, एक रेकॉर्डप्लेअर. पंचक्रोशीतल्या हळदी त्यांच्याच. टेप आला, नंतर सीडी आली, तरी हळदीचं पहिलं गाणं ते रेकॉर्डवरच लावत. ते गेले त्या वर्षी प्लेअरची मोटर जळालेली होती आणि रेकॉर्डच्या पत्र्याच्या पेटीला तळातून ओल लागत होती. मी म्हटलं, पेटी मी पुण्याला नेते. गजानन दारात उभा होता. म्हणाला, "वाजवशीन त ने, ताई. नुसत्या ठेवाले आमच्या घरात का जागा नाई?"

"वाजवूनच परत आणीन," मी म्हटलं.

दहा वर्षं ती पेटी माझ्या पलंगाखाली होती. दर दिवाळीला गजानन फोनवर सगळं विचारायचा, पेटीचं विचारायचा नाही. न विचारणं हा आमच्या घरातला जुना टोमणा आहे.

गेल्या वर्षी मी कामाला लागले. हॉलमध्ये आमची चांगली हाय-फाय सिस्टिम आहे, नवऱ्याची हौस. तो म्हणाला, "टर्नटेबल तयार मिळतं की." मिळतं, मी बघून आले. तबकडी पत्र्याची आणि आतला बेअरिंगचा बुश प्लॅस्टिकचा. ज्या कामात मी आयुष्य काढलं ते दुसऱ्याकडून वाईट केलेलं विकत घ्यायचं, हे मला पटेना.

तबकडी ॲल्युमिनियमची, तीनशे मिलिमीटर व्यासाची, दोनदा कापली, कारण पहिलीला कडेला केसभर डगमग होती. मधला दांडा ग्राइंड केलेल्या पोलादाचा, त्याच्या टोकाला एक बारीक गोळी, आणि तो फिरतो गनमेटलच्या बुशात. बैठकीला बाबांच्या जुन्या स्पीकरच्या खोक्याचं सागवान घेतलं. ते मात्र भावनेपोटी नाही, तसं वाळलेलं लाकूड आता मिळत नाही म्हणून. सुईचा दांडा मोडक्या टीव्ही अँटेनाच्या नळीचा. चार बिघडले, पाचवा जमला. मोटरची घरघर सुईत यायची, म्हणून मोटर वेगळ्या ठोकळ्यावर बसवली आणि पुलीवरून तबकडीला पट्टा दिला. मोटर मिनिटाला अडीचशे फेरे फिरते. तबकडीला तेहेतीस आणि एक तृतीयांश हवेत. हिशेबाने पुली बरोबर चाळीस मिलिमीटरची येते. मी ती चाळीसची केली. मोजली, पुन्हा मोजली. तबकडीवर रेघांचा कागद ठेवून ट्यूबलाइटखाली फिरवला. वेग बरोबर असला की त्या रेघा जागच्या जागी उभ्या राहतात. राहिल्या. मी समाधानाने सगळं गादीत गुंडाळलं.

पुण्यात मी बाबांची रेकॉर्ड त्यावर लावली नाही. चाचणीला दुसरी वापरली. गजाननला 'वाजवूनच परत आणीन' म्हटलं होतं, तर पहिल्यांदा त्याच्यासमोरच वाजू दे, असा माझा विचार होता. तिथेच मी फसले.

तर आज संध्याकाळी, लेव्हल बसल्यावर, सगळ्यांना ओसरीत बोलावलं. माय खांबाला टेकून बसली. गजानन पायरीवर, प्रांजली हातात फोन धरून उभी. मी सनईच्या गाण्यावर सुई ठेवली. आवाज स्वच्छ होता. किरकिर नाही, घरघर नाही. सनई अशी आली की वादकाचा श्वास ऐकू यावा. मी गजाननकडे बघितलं.

तो पायरीवरची माती नखाने उकरत होता.

"ताई," तो थोड्या वेळाने म्हणाला, "लाइन कमी हाय का?"

"या मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही," मी म्हटलं. "लाइन कमी झाली तरी वेग तोच राहतो."

"आत्या, साउंड एकदम मस्त आहे," प्रांजली म्हणाली. "फक्त थोडं स्लो वाटतं."

"स्लो नाही. बरोबर आहे."

मायने हात वर केला. "बंद कर वं. हे आपलं नोय. हे गाणं त जागीच बसून राह्यलं. हळद हाय का मयत?"

"माय, मी मोजून केलंय."

"मोजलं असशीन. म्या ऐकलं."

गजानन उठला. "जाऊ दे, ताई. डीजेवाला लावते पहिलं गाणं. त्याच्या फोनात सगळं असते." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. अकरा वर्षांपूर्वी त्याने एक अट घातली होती आणि मी ती चांगल्या मालात, बिनचूक मापात पुरी करून आणली होती. ती पुरी झालीच नव्हती, आणि का नाही हे मला कळत नव्हतं.

मी रेघांचा कागद पुन्हा लावला. ट्यूबखाली रेघा ठार उभ्या. चूक माझ्याकडे नव्हती. मग शिडी लावून माळ्यावर चढले आणि बाबांचा जळका प्लेअर खाली आणला. तबकडी उचलली. आत मोटरचा बारीक दांडा, त्याला टेकून फिरणारं रबरी चाक, आणि दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. काळी, वाळलेली, दोन वेढे. हा दांडा जाड झाला की तबकडी जोरात फिरणार, गाणं घाईचं होणार आणि पट्टीही चढणार. आयटीआयच्या पहिल्या वर्षाचा धडा.

"हे कोणी केलं?" मी मायला विचारलं.

"तुह्या बापानं. अजून कोन?" माय प्लेअरजवळ सरकली. "ते रबर घसरे. गाणं लंगडे. मंग त्यायनं पट्टीचा एक वेढा मारला. गाणं बरोबर झालं. म्या म्हटलं, झालं न, ठेवा आता. त म्हणे, बरोबर कायले? झुकतं देऊ. अन् वरून अजून एक मारला."

"गाण्याला झुकतं माप?"

"त मंग? लोक म्हनत, इतर लाउडस्पीकरवर बाया हळद लावतात, यायच्या लाउडस्पीकरवर नाचतात."

गजानन आधी हसला. मग मीही. पंचक्रोशीतल्या सगळ्या हळदी, सगळ्या नवऱ्या, मी स्वतःसुद्धा, एका वेढ्याने पुढे चालत होतो, आणि ते फक्त इथेच. हॉस्टेलवरच्या मुली बरोबर होत्या. मीही बरोबर होते. मी गाणं जसं ऐकलं तसंच म्हटलं होतं, वरच्या दोन वांग्यांसकट. माझ्या गाण्यातली खोट म्हणून जे मी वीस वर्षांची असताना बंद करून टाकलं, ती चिकटपट्टी होती.

हे वाचणाऱ्यांपैकी जे माझ्यासारखे बाहेर गेले त्यांना हे सांगते, कारण त्यांनीही काहीतरी असं खोट समजून बंद केलं असेल. पुन्हा सुरू करायलाच पाहिजे असं नाही, पण एकदा झाकण उघडून आत काय गुंडाळलंय ते बघावं. आणि जे गावात राहिले त्यांना एवढंच, की आम्ही बरोबर माप शिकून आलो याचा अर्थ तुमचं चुकलं असा होत नाही. मला तसं वाटत होतं. ते आज संध्याकाळी पाचनंतर वाटेनासं झालं.

बॅगेतून व्हर्नियर काढला. वरच्या वेढ्यासकट मोजलं, तो सोडवून पुन्हा मोजलं. शंभराला चारचा फरक. म्हणजे माझी पुली चाळीसची नको होती. एक्केचाळीस पॉइंट सहाची हवी. आणि झालेली पुली वाढवता येत नाही. नवीन कापावी लागते.

मंगळवारी सकाळी आठ वाजता गजाननच्या मोटरसायकलवर मागे बसून शेलूबाजारला गेले. तिथे हमीदभाईंचं लेथचं दुकान आहे. शेतातल्या पंपांचे शाफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्याकडे जुन्या पंपातला गनमेटलचा एक तुकडा निघाला. मी म्हटलं, मशीनवर मीच उभी राहते. त्यांनी माझ्याकडे, मग गजाननकडे बघितलं.

"बहीण हाय माही," गजानन म्हणाला. "पुण्यात लेथवाल्यायच्या चुका काढते."

"मग तर उभं राहाच, बाई," हमीदभाई म्हणाले. "आमच्या मशीनच्याबी काढा. किती ठेवता?"

"एक्केचाळीस पॉइंट सहा."

"पुलीले पॉइंट?" ते हसले. "अहो, इथी चाळीसची अडतीस झाली तरी कोनी विचारत नाई. मोटरनं पानी फेकलं की झालं."

"माझी माय विचारते."

मशीन जुनं होतं, हँडलला अर्धा फेरा ढिलाई. ती ढिलाई किती ते आधी समजून घेतलं आणि मग कापायला सुरुवात केली. शेवटचा काप हलका घेतला. पॉलिश पेपर मारला. मोजलं. एक्केचाळीस पॉइंट सहा आणि वर थोडंसं. पुण्यात असते तर तेवढं उतरवलं असतं. इथे मशीन बंद केलं.

दहाला घरी आलो. पुली बसवली, पट्टा चढवला. पट्टा जरा ताणला गेला, पण बसला. माय ओसरीत मेथी निवडत बसली होती. मी काही न सांगता सुई ठेवली. सनई आली. मायने मान वर केली नाही. तिची बोटं देठ खुडत होती, ती आता गाण्याबरोबर खुडायला लागली.

"गजू," ती म्हणाली, "त्या डीजेवाल्याले सांग, पहिलं गाणं आमचं."

गजानन अंगणात फोन लावायला गेला. जाता जाता मला म्हणाला, "पेटी इथीच ठेवजो मंग, ताई."

मी बॅगेतून टर्नटेबलचं ड्रॉइंग काढलं. पुलीपुढचा चाळीस खोडला आणि नवा आकडा लिहिला. शेजारी टॉलरन्सचा रकाना असतो, माप किती वर आणि किती खाली चाललं तर माल पास करायचा ते सांगणारा. इतकी वर्षं मी तिथे वर-खाली सारखंच लिहीत आले. आज वर शून्य पॉइंट एक लिहिलं. खाली शून्य. तारीख टाकली, सही केली आणि कागद बाबांच्या सागवानाला खालून चिकटवून टाकला.