मीनाची नाडी

तळवलीचा देवजी तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होता आणि कामावरून सुटल्यावर मुलांना सायकल शर्यतीसाठी तयार करायचा. सरावाआधी प्रत्येकाची नाडी मोजायला तो कंपनीच्या डॉक्टरांकडून शिकला होता.

त्र्याऐंशी साली, रविवारच्या संघनिवडीच्या तीन दिवस आधी, त्या मुलांतल्या मीनाची नाडी नव्वद लागली. एरवी ती साठच्या वर जात नसे.

"काका, तुमचं घड्याळच पळतंय!" ती हसली.

त्याने पुन्हा मोजली. नव्वदच. अंगात कणकण होती आणि पोरगी ती लपवत होती.

"शनवारपरत सायकल बंद."

"आणि सिलेक्शन हुकलं तर?"

"तर मना शिव्या घाल."

त्याने तिच्या सायकलचं पुढचं चाक काढून घेतलं. ती रडत घरी गेली. आपलं चुकलं तर पोरीचं वर्ष फुकट जाईल, हे देवजीला ठाऊक होतं. चाक मात्र त्याने परत दिलं नाही.