शहात्तर किलो सहाशे

मिरकरवाडा जेटीवर सकाळचा लिलाव आटपला, की सकिना काट्यावर उभी राहायची. काटा म्हणजे मासळीचाच. तो जमिनीवरचा मोठा इलेक्ट्रिक काटा, ज्याच्यावर दिवसभर सुरमईचे आणि बांगड्यांचे क्रेट चढतात-उतरतात. त्याच्यावर ही शेहेचाळीस वर्षांची बाई गमबूट काढून, ओढणी कमरेला खोचून, श्वास धरून उभी. बाजूला जाळी ओढणारे, बर्फ फोडणारे सगळे हातातलं काम थांबवून बघणार.

"भाभी, आज काय दर?" बर्फवाला वजीर रोज विचारायचा.

"तुला नाय परवडणार. तू आपला बांगडा ने."

मग आकडा बघायचा, मनात ठेवायचा, आणि उतरून परत मासळीपुढं उकिडवं बसायचं. चार महिने हाच कार्यक्रम. पहिल्या दिवशी काटा म्हणाला होता एक्याऐंशी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी म्हणाला, चौऱ्याहत्तर किलो सहाशे. सकिनाने त्या दिवशी वजीरला दोन बांगडे फुकट दिले, आणि वजीरला कळलंच नाही की कशाबद्दल.

आता हे सगळं कशासाठी, तर कबड्डीसाठी.

बाविसाव्या वर्षापर्यंत सकिना रत्नागिरीच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळायची. वजन चोपन्न किलो, आणि पकड अशी की समोरची चढाई करायला आलेली पोरगी त्या बाजूला पाय टाकायच्या आधी दोनदा विचार करायची. मग एका सामन्यात उजवा गुडघा फिरला. आतलं काहीतरी तुटलं, सुजून नारळाएवढा झाला. तेव्हा कोण नेणार मोठ्या डॉक्टरकडे? हाडवैद्याने तेल लावलं, फडकं बांधलं, आणि गुडघा बरा व्हायच्या आत अझीमचं स्थळ आलं. लग्न झालं. अझीम कुवेतला बोटीवर गेला, सकिना सासूच्या जागेवर मासळी विकायला बसली. दोन बाळंतपणं, मग थायरॉइड. चोपन्नची सत्तर झाली, सत्तरची ऐंशी. पाच वर्षांपूर्वी जेटीवरच्या शेवाळावर घसरली, तोच गुडघा. कोल्हापूरच्या डॉक्टरने फोटो बघून सांगितलं की उकिडवं बसू नका. ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मासळीपुढं उकिडवी बसली.

चोवीस वर्षं. चोवीस वर्षांत तिने कबड्डीचं नाव काढलं नव्हतं, आणि एक दिवस विसरलीही नव्हती.

मग गेल्या ऑक्टोबरात जनी बांगडे घ्यायला आली. जनी तिची जुनी जोडीदारीण, उजव्या कोपऱ्यातली. आता शाळेत पोरांची खिचडी शिजवते. भावावरून दोघींचं नेहमीसारखं वाजलं, आणि जाता जाता जनीने फोन पुढं केला. जानेवारीत जिल्ह्याची कबड्डी स्पर्धा, त्यात यंदा पहिल्यांदा प्रौढ महिलांचा गट. वय पस्तिशीच्या पुढं, वजन पंचाहत्तरच्या आत.

"आपलं काय आता," जनी म्हणाली.

सकिनाने बांगडे पिशवीत भरले, वर दोन जास्तीचे टाकले आणि म्हणाली, "संध्याकाळी भाट्याच्या वाळूत ये. चपला घालू नको."

आठ जणी जमल्या. सकिनाची नणंद कौसर, जनी, बाकी कोण अंगणवाडीतली, कोण काजूच्या कारखान्यातली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पळून सगळ्या वाळूत आडव्या पडल्या आणि इतक्या हसल्या की पोट दुखलं. पण दुसऱ्या दिवशी आल्या. तिसऱ्याही. वजनही सगळ्या सकिनाच्याच काट्यावर करायच्या. मोहल्ल्यात बोलणारे बोलले. फुल ट्रॅकपँट, फुल बाह्यांचा टीशर्ट, डोक्याला घट्ट फडकं, आता याच्यावर काय बोलणार? तरी बोलले. अझीमने कुवेतवरून व्हिडिओ कॉल लावून सांगितलं की बस कर, लोक हसतात. सकिनाने फोन बांगड्यांच्या क्रेटकडे फिरवला. "हे पण हसतायत बघ," म्हणाली आणि ठेवून दिला.

सगळ्यात जास्त विरोध होता नबीलाचा. नबीला तिची लेक, एकोणीस वर्षांची, फिजिओथेरपी शिकते. म्हणजे गुडघ्यात कुठली दोरी कुठं असते हे घरात फक्त तिलाच माहीत. ती चिडायची, रडायची, आईच्या गुडघ्यावर बर्फ धरायची आणि बर्फ धरता धरता परत चिडायची.

तर स्पर्धेचा दिवस. शहरातलं मैदान, मातीची तीन क्रीडांगणं, मांडव, स्पीकर. आठ जणी रिक्षांतून उतरल्या, मागोमाग पट्ट्यांची पिशवी घेऊन नबीला. सगळ्यांना एकसारखे निळे टीशर्ट, मागे नंबर. वजनाच्या टेबलाशी आप्पा. हे आप्पा सकिनाच्या वेळी पंच होते, आता आयोजक. तिला बघून त्यांचे डोळे भरूनच आले.

सकिना काट्यावर चढली. शहात्तर किलो सहाशे.

ती उतरली, परत चढली. शहात्तर किलो सहाशे.

काटा बिघडलाय म्हणाली. आप्पांनी स्वतः उभं राहून दाखवलं, मग वीस किलोचं माप ठेवून दाखवलं. वीस म्हणजे वीस. मग जनी चढली. जेटीवर चौऱ्याहत्तर होती, इथं शहात्तर. कौसर चढली. जेटीवर साडेत्र्याहत्तर, इथं साडेपंचाहत्तर. प्रत्येकीचे बरोब्बर दोन किलो जास्त.

आणि सकिनाच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. क्रेट.

जेटीवर सगळ्यांची एक पद्धत आहे. सकाळी काटा चालू केला की पहिला ओला रिकामा क्रेट ठेवायचा आणि बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा. मग दिवसभर मासळी क्रेटसकट ठेवा, क्रेटचे दोन किलो आपोआप वजा. गिऱ्हाइकाला मासळीचंच वजन मिळतं. वीस वर्षं सकिना रोज पहाटे स्वतःच्या बोटाने ते बटण दाबत होती. आणि चार महिने स्वतः काट्यावर उभी राहताना, आठही जणींना उभं करताना, तिला एकदाही आठवलं नाही की काटा तिच्यातूनही क्रेट वजा करतोय.

तिने हे जनीला सांगितलं. जनी मांडवाच्या बांबूशी मटकन खाली बसली.

तीन जणी वजनात बाद. उरल्या पाच. पाचात कबड्डी होत नाही.

जनी ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हळू आवाजात सांगितलं की चार महिने तिने रात्रीचा भात सोडला, घरच्यांचे टोमणे खाल्ले, आणि सकिनाच्या काट्याने सगळं घालवलं. कौसर टीशर्टवर जाकीट चढवायला लागली. सकिनाला वाटलं, जमीन फाटावी. चूक तिचीच होती, दुसऱ्या कुणाची नव्हती.

आप्पा बिचारे मार्ग काढायला आले. म्हणाले, एवढी वर्षं झाली, आता दुपारी पाहुणे येतील तेव्हा तुम्हां जुन्या खेळाडूंचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. फोटो पेपरात देऊ.

मांडवात टेबलावर शालींची चळत होती. जांभळ्या, काठाच्या. सकिनाने त्या शालींकडे पाहिलं आणि तिच्या अंगातून काहीतरी वर चढलं. लाज होती ती जळून गेली.

"आप्पा, शाल पांघरून घरी बसायला मी आलेली नाय. खुल्या गटाला वजन आहे?"

नव्हतं. खुल्या गटात वयही नव्हतं, वजनही नव्हतं. सावर्ड्याचा एक संघ आला नव्हता, म्हणजे जागाही होती. पण आप्पा घाबरले. खुल्या गटात कॉलेजच्या पोरी असतात, वीस-बावीसच्या, रोज मॅटवर सराव करणाऱ्या. सावर्ड्याची जागा घेतली तर पहिलाच सामना गतवर्षीच्या विजेत्यांशी. त्यांनी सगळं समजावलं. सकिनाने सगळं ऐकलं.

"नाव लिहा," म्हणाली.

आता प्रश्न आठ जणींचा होता. कौसर म्हणाली आपली फजिती होईल. कुणीतरी म्हणालं हाडं मोडतील. नबीला तर आईच्या समोरच येऊन उभी राहिली.

"अम्मी, हा गुडघा गेला तर परत नाही येणार. मी शिकतेय ते, मला कळतं. बस कर ना आता."

सकिनाने लेकीकडे पाहिलं. बोलताना तिचा आवाज चढला नाही.

"वीस वर्सं मासळीपुढं उकिडवी बसून हा गुडघा झिजला. तेव्हा कोण नाय बोलला मला, बस कर म्हणून. ना तुझे अब्बा, ना तू, ना डॉक्टर जेटीवर येऊन बोलला. विकायला बसले तर गुडघा चालतो. खेळायला उतरले की सगळ्यांना तो नाजूक दिसतो."

मग ती बाकीच्यांकडे वळली. "काट्याची चूक माझी. माफी मागते. वजन माझं नाय चूक. मी उतरतेय. तुम्ही नाय आलात तर मी राग नाय धरणार."

मग खाली बसलेल्या जनीने हात वर केला. "ओढ गो मला. तू उतरलीस की तुझा डावा कोपरा उघडा पडणार, मला ठाऊक आहे तुझं."

एकेक करत अंगावर चढलेली जाकिटं परत उतरली. नबीलाने पिशवीतून पट्टी काढली, गुडघ्याला आठच्या आकड्यात घट्ट गुंडाळली, गुंडाळताना नाक ओढत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "उजवीकडे वळू नको. काही झालं तरी त्या पायावर गिरकी घ्यायची नाही."

चार वाजता सामना सुरू झाला.

खोटं कशाला सांगायचं, पहिली दहा मिनिटं बघवत नव्हती. कॉलेजच्या पोरी म्हणजे वारा. त्यांची वेदिका म्हणून चढाईपटू होती, लांबसडक पायांची, ती यायची, दोघींना शिवून जायची, आणि ह्यांना कळेपर्यंत मध्यरेषेपलीकडे. दोनदा सगळा संघ बाद झाला, लोण चढले. प्रेक्षक आधी हसले, मग गप्प बसले. गप्प बसणं जास्त लागलं. मध्यंतराला एकतीस-चार.

वेदिका हुशार होती. दोन चढायांत तिने ओळखलं की डाव्या कोपऱ्यातली ही काकी उजवीकडे वळत नाही. मग ती मुद्दाम तिथंच यायची, आतल्या बाजूने कट मारायची, आणि सकिना वळायला जायची तर गुडघा आतून करवत चालवायचा. तीनदा शिवून गेली. उद्धट नव्हती पोरगी. एकदा शिवून परत जाताना मागे वळून विचारलंसुद्धा, "लागलं नाही ना, काकी?"

ते सकिनाला जास्त झोंबलं.

दुसऱ्या डावात ती विचार करत खेळली. पोरीच्या मागे पळून उपयोग नाही. वळता येत नाही तर वळायचं नाही. मग पळणाऱ्याला धरायचं कसं? आणि हे तर ती रोज करत होती. क्रेटमधून जिवंत मुशी उसळून ओल्या जेटीवर पडते, तेव्हा तिच्या मागे कुणी धावत नाही. ती तडफडत स्वतःच कडेला येते. थांबायचं. शेपटाला हात घालायचा आणि अंगाचा सगळा भार टाकायचा. मुशीला ताकदीने नाही धरत, वजनाने धरतात.

तीन मिनिटं उरली. त्रेचाळीस-नऊ. सामना केव्हाच गेला होता. वेदिका आली. दम घुमवत, एक पाय मागे, एक पुढे, नजर थेट सकिनाच्या कोपऱ्यावर. आतल्या बाजूला झुकली. सकिनाने वळायचं सोंग केलं, खांदा टाकला फक्त. पोरीला वाटलं काकी फसली. ती बोनसच्या रेषेकडे पाय ताणायला गेली, आणि तो लांबसडक पाय क्षणभर सकिनाच्या समोर आला.

सकिना खाली कोसळली. पडली नाही, कोसळली, मुद्दाम. दोन्ही हातांनी घोटा, आणि वर शहात्तर किलो सहाशे, क्रेट वजा न करता. वेदिकाने झटका दिला, दुसरा दिला, मातीत आडवी होऊन मध्यरेषेकडे हात लांबवला. जनी पलीकडून धावत आली आणि कमरेवर पडली. पोरीची बोटं रेषेपासून वीतभर लांब राहिली. दम तुटला.

शिट्टी झाली. अख्खं मैदान उभं राहिलं. नबीला चुन्याची रेघ ओलांडून आत घुसायला निघाली, आप्पांनीच तिला धरलं, आणि धरता धरता ते स्वतःच नाचायला लागले.

पंचाने दुसरी शिट्टी मारली. सकिना उठेना. गुडघा दुखत होता, खूप दुखत होता, पण त्याच्यासाठी नाही. तोंड मातीत, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात घोट्याला तसेच.

"काकी," वेदिका धापा टाकत म्हणाली, "मी आउट झाले. सोडा ना."

"थांब गो वायच," सकिना म्हणाली. "चोवीस वर्सांनी गावलाय."