आक्कांचे हात भाजेनासे झाले तेव्हा

बसूचा फोन आला तेव्हा मी लग्नाची यादी फाडायला बसले होते. लेकीचं लग्न होऊन दोन महिने उलटले होते. भाड्याची भांडी परत गेली होती, आहेर पोचले होते, प्रत्येक ओळीपुढं खूण झाली होती. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि फोन तसाच चालू राहिला... मागं दवाखान्यातल्या कुठल्यातरी ढकलगाडीची चाकं वाजत होती. मी हातातल्या कागदाकडं पाहिलं. एकाच ओळीपुढं खूण नव्हती. 'आक्का – पाय दाखवणे.'

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, बसूची आई. त्या निलंग्याला, आम्ही लातूरला. साखरेच्या कडक गोळ्या त्या घरीच करायच्या. आल्या-लिंबाच्या, बडीशेपेच्या आणि संत्र्याच्या फोडीसारख्या केशरी. दुकानात गोळ्यांच्या माळा लटकायला लागल्या तरी सोमवारी महादेवाच्या देवळात पोरं आक्कांच्या पदराकडंच बघायची. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते पाक ओळखायला. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकायचा आणि मग दाताखाली धरायचा. चिकटला तर अजून आच हवी, टकन् तुटला तर कढई त्याच क्षणी खाली. मी हे वहीत उतरवत होते. "लिहून काय करतीस गं सुधा? पाक काय तुझी वही वाचून थांबतो का?" पाकाला हात लावायच्या आधी बोटं गार पाण्यात बुडवायला त्या विसरू द्यायच्या नाहीत. "साखर लई बेक्कार भाजती. तेल उडून खाली तरी जातं, ही चिकटून बसती. कुणाची सगी न्हाई."

तीन-चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच बोटं बुडवायचं सोडलं. पाक परातीत जरा निवला की त्याचा गोळा ओढून, दुमडून, पुन्हा ओढून पांढरा करावा लागतो. आम्ही हाताला तूप लावून, फुंकर मारत, ओरडत ओढायचो. त्या कणीक मळावी तशा शांतपणे. "आक्का, भाजत नाही का?" "आता कुठं भाजतंय? शिजले माझे हात." घरभर कौतुक झालं. मी तर पाहुण्यांना बोलावून दाखवायची, बघा आमच्या आक्कांचे हात! त्याच सुमारास एकदा त्या देवळातून एकाच पायात चप्पल घालून घरी आल्या. दुसरी वाटेत कधी निसटली, त्यांना कळलंच नव्हतं. भावजी म्हणाले, "एक पाय म्हादेवाला वाहून आली का काय?" आठ दिवस आम्ही त्यावर हसत होतो. डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढलीय म्हणून औषध दिलं होतं, ते त्या आठवलं तर घ्यायच्या. हे सगळं शेजारी-शेजारी मांडून बघावं, असं किराण्यापासून लसीपर्यंत सगळ्याच्या याद्या करणाऱ्या मला सुचलं नाही.

माझ्या रेणूच्या रुखवतात गोळ्यांच्या पाच बरण्या मांडायच्या, हे आक्कांनीच ठरवलं. लग्नाला अठरा दिवस होते. मी मदतीला निलंग्याला गेले होते. कढई उतरवताना पळीतून पाक सांडला. त्या बोलतच राहिल्या, मीही लिंबाच्या बिया काढत राहिले. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यांच्या उजव्या पायावर, करंगळीच्या वर, पिवळाधमक थेंब जमून बसला होता. "आक्का, पायाला खडा जडवून घेतला की काय?" मी म्हटलं. त्यांनी वाकून नखानं तो उचकटला. त्याच्याबरोबर कातडीही आली.

"दुखतंय का?"

"न्हाई गं. मुंगीबी चावल्यागत न्हाई."

"दवाखान्यात जाऊन येऊ या."

"दुखतच न्हाई तर दवाखाना कशाला? पोरीचं लग्न हाय का माझ्या पायाचं?"

मी हळद लावली, वही काढली आणि ती ओळ लिहिली. 'भाड्याची भांडी परत' या ओळीच्या खाली.

लग्नात रुखवतापुढं गर्दी झाली. व्याह्यांकडच्या बायका बरण्या उजेडाकडं धरून बघत होत्या. आक्का एवढ्या उकाड्यात मोजे घालून उभ्या होत्या. "आजकाल फॅशन हाय," त्या म्हणाल्या. मला वास आला होता. मी तो मांडवातल्या कोमेजलेल्या फुलांचा समजले... किंवा समजायचं ठरवलं.

लग्नानंतर लातूरच्या दवाखान्यात मोजा काढला तेव्हा दोन बोटं काळी होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, किती दिवस झाले? मी तारीख सांगितली, वारही सांगितला. "मग आणलं का नाही?" "दुखत नव्हतं म्हणून." "दुखत नव्हतं म्हणूनच आणायचं होतं हो." आधी बोटं गेली, मग गुडघ्याखालचा पाय. मग विष अंगभर पसरलं. आमच्यात मांडी घालून, बसवून माती देतात. आक्कांची मांडी अर्धीच झाली, उरलेल्या जागी त्यांचंच जुनं लुगडं घडी करून ठेवलं.

गेल्या आठवड्यात निलंग्याला गेले होते. स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या फरशीवर, त्या दिवशी सांडलेल्या पाकाचा एक थेंब अजून चिकटलेला आहे. बसूची बायको म्हणाली, घासून निघत नाही, मुंग्या हटत नाहीत. कढत पाणी ओतलं की क्षणात विरघळेल, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. ती बाहेर गेल्यावर बसू मुंग्यांकडं बघत म्हणाला, "आईनं लपवलं ना गं काकू? तुला तरी कधी बोलली होती का?" दवाखान्यातही त्यानं हेच विचारलं होतं आणि मी नुसती मान हलवली होती. नाही म्हणून.

"तिनं लपवलं नाही रे," मी म्हटलं. "भाजलं तेव्हा मी समोर होते. डॉक्टर लग्नानंतर, हे मी ठरवलं."

बसू रांगत होता तेव्हा मी या घरात आले. बोलायला लागल्यापासून मी त्याची 'ए काकू' आहे. मोठा झाला, नोकरीला लागला, बाप झाला, तरी मला कधी अहो-जाहो केलं नाही. ओट्यावरचा पालथा कप त्यानं उताणा केला.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही चहा घेणार का?"