आगळाची बाटली

मंगळवार, १२ मार्च २०२४, सकाळी आठ वाजून वीस मिनिटे. बागेत काजू वेचत असताना गांधीलमाशीने मानेवर डंख केला. काम थांबवले नाही.

थोड्याच वेळात तळहात खाजू लागले, अंगभर चट्टे उठले. घरी येऊन ओसरीवर बसलो.

"पित्त उठला. आगळ आण," पत्नीला म्हणालो. आमच्याकडे चट्टे दिसले की कोकमाचा खारवलेला रस, आगळ, चोळतात. दुसरे काही सुचत नाही.

"गेल्या वर्षी माशी चावली नि तोंड सुजला, तां पण पित्तच?"

तरीही तिने बाटली आणली. चोळून घेतले. हळूहळू समुद्राचा आवाज दूर गेला. अंगणातले ऊन दुधासारखे पांढरे झाले आणि माडांच्या सावल्या पाण्याखाली असाव्यात तशा हलू लागल्या. उठून उभा राहिलो, तेव्हा जमीन किनारा सोडणाऱ्या होडीसारखी संथपणे निघून गेली. भय वाटले नाही. ते नंतर वाटले.

शेजाऱ्याची रिक्षा, मालवणचा दवाखाना, मांडीत इंजेक्शन. शुद्धीवर आलो तेव्हा बाटली मुठीतच होती.

दुपारी बरे वाटले. घरी निघायला शर्ट चढवला; काजू बागेत तसेच पडले होते.

"काका, हे काही तासांनी पुन्हा उलटू शकतं. उद्यापर्यंत इथेच राहा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मी बरा आहे."

"जावा," पत्नी म्हणाली. "बाटली आसाच हातात."

दारापर्यंत गेलो आणि तळहात पुन्हा खाजू लागले. दुसरे इंजेक्शन घ्यावे लागले.

मग डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली. माझे वय, गेल्या वर्षीची दुर्लक्षित सूज आणि रक्तदाबाची गोळी, या तिन्हींनी धोका वाढवला होता. त्या गोळीमुळे इंजेक्शनाचा गुणही कमी येतो. मात्र ती मनाने बंद करायची नाही, बदलून घ्यायची. इंजेक्शन सतत जवळ हवे. ते टोचायला पत्नीनेही शिकावे. ॲलर्जीच्या तज्ज्ञांना दाखवावे. बागेत एकट्याने जाऊ नये.

शेवटची अट सर्वांत जड होती. चाळीस वर्षे मी बागेत एकटाच गेलो.

"मी येयन," पत्नी म्हणाली. "बागेत मी बोलूचंय नाय."

दवाखान्याच्या खिडकीत संध्याकाळचे ऊन कोकमाच्या रंगाचे झाले होते. शर्ट काढून खुंटीला लावला. बाटलीतले उरलेले आगळ मोरीत ओतले, बाटली दोनदा विसळली आणि पिण्याचे पाणी भरून उशाशी ठेवली.